पुलापलीकडचे साहेब

३ जानेवारी, बुधवार

ही वही ताईने दिली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे कंपन्या अशा वह्या फुकट वाटतात. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. ताई म्हणाली, “तुझ्या डोक्यात फार किडे वळवळतात. रोज माझ्या कानात सोडतोस, त्यापेक्षा यात सोडत जा.”

पहिल्या पानावर ‘दैनंदिनी’ लिहिण्याआधी तो शब्द रद्दी कागदावर तीनदा लिहून पाहिला. माझी शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखनात मी वर्गात पहिला असायचो. बाकीच्या विषयांचं विचारू नये.

आज लिहिण्यासारखं घडलं. बाबा म्हणाले, “यंदा फीत तुझ्या हातात द्यायची म्हणतोय.”

आमचं मापाचे बूट शिवायचं दुकान आहे. बाबा माप घेतात, मामा शिलाई करतो, मी कापणी आणि रंग. फीत म्हणजे माप घ्यायची फीत. ती ज्याच्या गळ्यात, गिऱ्हाईक त्याच्याशी बोलतं. आजोबांपासूनचा नियम असा की, ज्याला फीत हवी त्याने धन्याच्या पायाचा जोड करायचा. माप त्याचं, कापणी त्याची, शिलाई त्याची. धनी तो जोड सकाळी कुलूप उघडताना घालतो आणि संध्याकाळी कुलूप लावताना काढतो. मधे नाडी सैल करावी लागली तर माप चुकलं. तीन वेळा करून पाहता येतं.

मामा वीस वर्षांपूर्वी तिन्ही वेळा नापास झाला. तो म्हणतो, “मला फीत नको होती. गिऱ्हाइकाच्या पायाचा वास कोण घेणार?”

७ जानेवारी, रविवार

बाबांचं माप घेतलं. सकाळी नऊला, कारण तेव्हा बाकावर उजेड चांगला असतो. पाय कागदावर ठेवून पेन्सिल सरळ धरून आकार काढला. डाव्या पायाचं दुसरं बोट आखूड आहे, त्यावर तरुणपणी ऐरण पडली होती. मग लांबी, चवडा, पाठ, घोटा. प्रत्येक माप तीनदा घेतलं. पायाची पाठ नऊ इंच पाच सूत. (आठ सुतांचा एक इंच. ‘सूत’ दीर्घ, ‘सुतांचा’ ऱ्हस्व. दुकानात हे कोणालाच माहीत नाही.)

बाबांच्या हातापायांच्या तळव्यांवर ओरखडे दिसले. ते हल्ली कानस घेऊन तळवे घासत बसतात. विचारलं तर म्हणाले, “चामडं भिजवायच्या पाण्याने खाज सुटते.” त्या पाण्यात हात माझे असतात. मला खाज नाही. कातडी जुनी झाली की लागत असेल.

१९ जानेवारी, शुक्रवार

पहिला जोड नापास.

सकाळी असा बसला की बाबा स्वतः म्हणाले, “हातमोजा आहे रे.” मी दिवसभर त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. रंगाची वाटी दोनदा सांडली. चारच्या सुमारास बाबा बाकामागे वाकले आणि नाडी सोडली. बूट काढला तेव्हा पायावर शिलाईचे टाके उमटले होते, मोजता येतील असे.

“पाठीला कमी पडला,” बाबा म्हणाले.

“सकाळी बसला होता.”

“सकाळी सगळेच बसतात.”

मामा म्हणाला, “अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. दाजींनी बूट पाहून पसरले.” मी हसलो नाही. बाबाही हसले नाहीत.

२० जानेवारी, शनिवार

सकाळी नऊला पुन्हा माप घेतलं. पाठ नऊ इंच पाच सूत. तेच. बाबांना म्हटलं, आकडा तर बरोबर आहे. ते म्हणाले, “मग तू फीत ओढतोस. फीत ओढायची नसते, टेकवायची असते. हात घट्ट आहे तुझा.”

औषधांच्या दुकानात जाऊन ताईला सगळं सांगितलं. ती गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली, “लहानपणापासून घट्टच आहे. पेन्सिल कागद फाटेपर्यंत दाबायचास.”

हे खरं आहे. आज हे लिहितानासुद्धा मागच्या पानावर अक्षरं उमटली आहेत.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मामाने एक काम दिलंय. मापांच्या जुन्या वहीवर रंगाचे डाग पडलेत, तिची स्वच्छ नक्कल करायची. “तुझं अक्षर चांगलं आहे. नीट वाचून कर. दाजींना एवढ्यात दाखवू नकोस.”

वहीत एक गिऱ्हाईक विचित्र आहे. नाव नाही, नुसतं ‘पुलापलीकडचे साहेब’. ऑगस्टपासून दर रविवारी माप, सव्वीस रविवार. पण बुटाचा रंग नाही, टाचेची उंची नाही, नेल्याची तारीख नाही. आणि साहेबांचे पाय वाढताहेत. पाठ आधी नऊ इंच चार सूत, मग नऊ सहा, मग दहाला टेकते आणि पुढे जाते. प्रत्येक रविवारी दोन ओळी, दोन वेगळे आकडे. एका ओळीआधी ‘स’, दुसरीआधी ‘सं’.

बाबांचं शुद्धलेखन पहिल्यापासून कच्चं. ‘स’ म्हणजे साहेब असणार, त्यावर अनुस्वाराचं काय काम? नक्कल करताना मी सगळीकडे ‘स’ केलं. सव्वीस अनुस्वार उडवले.

मामाला विचारलं, हे साहेब कोण? त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, “तू वाचलंस सगळं?”

“वाचलं. चुकाही काढल्या.”

“शाबास,” मामा म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आईच्या स्वयंपाकात गेला महिनाभर मीठ नसतं. नसतं म्हणजे नसतंच. आईला म्हटलं तर म्हणते, “हात चुकतो रे हल्ली. तू वरून घे.” मी वरून घेतो. बाबा मात्र एक शब्द न बोलता गिळतात. एवढा तिखट जिभेचा माणूस आईला वाईट वाटू नये म्हणून बेचव खातो, हे पाहून मला गलबलून आलं.

दुपारचे डबे मीच दुकानात नेतो. आजपासून बाबांच्या डब्यात चिमूटभर मीठ कालवून द्यायला लागलो. आईला कशाला सांगायचं? बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग म्हणाले, “आज जमलंय.” सगळं संपवलं.

आज मला बरं वाटतंय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा जोड. फीत फक्त टेकवली होती, वर दोन सूत जास्त धरले होते. पाठ नऊ इंच सात सूत. दुपारी बारालाच नाडी सुटली. पहिल्यापेक्षा वाईट.

त्या वेळी दुकानात शाळेच्या बाई आल्या होत्या, दर वर्षी बूट करून नेतात त्या. त्यांनी विचारलं, “काय झालं?” बाबा त्यांना म्हणाले, “काही नाही, पोराला अजून माप येत नाही.”

बाई म्हणाल्या, “येईल हळूहळू,” आणि आकार काढायला माझ्या कागदावर ठेवलेला पाय उचलून बाबांपुढे ठेवला.

संध्याकाळी बाबांनी कमरेचा पट्टा दिला. भोक पाडून हवं होतं, बाहेरच्या बाजूला. हे तिसरं. म्हटलं, बाबा, वजन वाढलं. “बसून बसून,” ते म्हणाले. पण त्यांचे दंड बारीक झालेत, सदऱ्याची बाही लोंबते. डोळेही पिवळट वाटले. ते म्हणाले, दिवा पिवळा आहे. दिवा पिवळा आहे, हे खरं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्या जोडाचं चामडं मी काल भिजत घातलं होतं. आज ते बाबांनी पाण्यातून काढून दोरीवर टाकलं.

“राहू दे. तुझ्या हातात माप नाही. उगाच चामडं वाया जातं.”

“नियम तीन वेळांचा आहे.”

“नियम माझ्या बापाने केला, मी मोडतो.”

आणि गळ्यातली फीत काढून मामाच्या हातात दिली. तीनदा नापास झालेल्या मामाच्या. मला वाटलं, आता मामा काहीतरी विनोद करेल. त्याने फीत खिशात घातली आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

आठवीत शाळेतून काढताना बाबा म्हणाले होते, “पुस्तकाने पोट भरत नाही, मापाने भरतं.” आता पुस्तकही नाही आणि मापही नाही. मी ताईकडे गेलो. ती म्हणाली, “बाबा सांगतात ते ऐक ना. रंगकाम काय वाईट आहे?” मी तिच्याकडून निघालो तेव्हा ती मागून काहीतरी म्हणाली. रस्त्यावर आवाज होता, ऐकू आलं नाही.

५ मार्च, मंगळवार

आजचं विस्कटू नये, म्हणून क्रमाने लिहितो.

मामाने आज पत्र्याचा डबा पुढे सरकवला. त्यात गिऱ्हाइकांच्या पायांचे कागदी आकार असतात. म्हणाला, “वहीप्रमाणे लावून ठेव.” तळाशी एक गठ्ठा होता, ‘पुलापलीकडचे साहेब’. वरचाच कागद उघडला.

डाव्या पायाचं दुसरं बोट आखूड.

मी माझा कागद आणला, ७ जानेवारीचा. साहेबांच्या कागदावर ठेवून उजेडाला धरला. बोटाला बोट लागलं. टाचेला टाच लागली. फक्त घोट्याजवळ साहेबांची रेघ बाहेर होती.

मग अनुस्वार आठवला. ‘स’ म्हणजे सकाळ. ‘सं’ म्हणजे संध्याकाळ. बाबांचं शुद्धलेखन बरोबर होतं. सकाळी नऊ इंच पाच सूत, संध्याकाळी दहा इंच दोन सूत. मी सकाळी नऊला माप घेत होतो आणि ते मला घेऊ देत होते. संध्याकाळी हा पाय राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सव्वीस रविवार ठाऊक होतं.

नक्कल झाल्यावर जुन्या वहीची पानं मीच बुटांच्या चवड्यात कोंबली, आकार धरावा म्हणून. माझ्या नकलेत सगळीकडे ‘स’ आहे.

६ मार्च, बुधवार

दुकान उघडल्या उघडल्या दोन्ही कागद बाकावर ठेवले. म्हटलं, “साहेब कोण?”

बाबांनी कागदांकडे पाहिलं, मग मामाकडे. मामा म्हणाला, “माझ्याकडे बघू नका. मी तोंड उघडलेलं नाही. शपथ पाळली.”

बाबा स्टुलावर बसले. पँट वर करून अंगठा नडगीवर दाबला आणि काढला. खळगा पडला. चांगलं चामडं अंगठा काढला की वर येतं, हे मला त्यांनीच शिकवलंय. आम्ही तिघं त्या खळग्याकडे बघत राहिलो. तो भरला नाही.

“यकृत,” बाबा म्हणाले. “पंचवीस वर्षांपूर्वी कावीळ झाली होती. ती गेली असं वाटलं, पण आत बसून राहिली. आता ते दगड झालंय.”

“पायात?”

“पायात नाही रे. पण दिसतं पायात.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“यकृत म्हटलं की लोकांना बाटली दिसते. आयुष्यात थेंब घेतला नाही मी. पण गिऱ्हाईक काय म्हणेल? पितो, हात थरथरत असेल, माप काय घेणार. आणि तू भोळा. कोणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस.”

“म्हणून माझा हात घट्ट?”

त्यांनी पँट खाली ओढली. मग म्हणाले, “डॉक्टर म्हणाले होते गोळ्यांनी सूज उतरेल. वाटलं, दुसऱ्या जोडापर्यंत उतरेल, मग म्हणेन बसला. नाही उतरली. बाईंसमोर नाडी सुटली तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तुझं नाव तोंडात आलं.”

तुझं नाव तोंडात आलं. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय.

मामाला म्हटलं, “आणि तू?”

“वही मी उगाच दिली होती तुला?” मामा म्हणाला. “वाटलं, हा वाचणारा आहे, वाचेल. तू शुद्धलेखन तपासत बसलास.”

दुपारी ताईकडे गेलो. ती पाण्याच्या गोळ्या ऑगस्टपासून स्वतः आणून देते. ‘पाण्याच्या’ म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या. २० जानेवारीला मी माझ्या हाताबद्दल रडत होतो, तेव्हा तिच्या बोटांत त्याच पट्ट्या होत्या. म्हणाली, “बाबांनी शपथ घातली होती.”

“आणि हात घट्ट? तेही शपथेत होतं?”

ती बिलांचा गठ्ठा लावायला लागली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे असावं. सुरी असती तर निदान आधी दिसली असती.

९ मार्च, शनिवार

डॉक्टरांकडे मीही गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. आई, बाबा, ताई रिक्षात बसले, मी चौथा घुसलो.

डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. मी विचारलं, आजार पोटात आणि सूज पायात कशी? (‘सूज’ दीर्घ, ‘सुजेचा’ ऱ्हस्व. सूतसारखंच.) ते म्हणाले, यकृत एक पदार्थ तयार करतं, तो पाण्याला रक्तात धरून ठेवतो. तो कमी पडला की पाणी नळ्यांबाहेर झिरपतं. शिवाय यकृत कडक झालं की पोटातल्या रक्ताची वाट अडते, म्हणून पोटातही पाणी साठतं. माणूस दिवसभर उभा राहिला की पाणी पायात उतरतं. आडवा झाला की पांगतं, म्हणून सकाळी पाय हलका. तळव्यांची खाज त्यातलीच, बाबांच्या पोटऱ्यांत रात्री येणारे गोळे त्यातलेच. चामड्याच्या पाण्याचा संबंध नाही.

मग त्यांनी तपासणीचे कागद पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. “गोळ्या वाढवल्या, तरी फेब्रुवारीत सूज उतरायची सोडून चढली. मीठ बंद आहे ना? मीठ पाणी धरून ठेवतं.”

“घरात चिमूटभर घालत नाही हो,” आई म्हणाली. “दोन महिने बेचव रांधतेय.”

“कुठून तरी पोटात जातंय.”

डबा. नऊ फेब्रुवारीपासून, रोज. सांगायला तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

“मीच खातो. दुकानात, चोरून.”

डॉक्टर रागावले. आई रडायला लागली. ताई म्हणाली, “बाबा, तुम्हाला कळत कसं नाही?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या घासालाच माहीत होतं. तरी खाल्लं. मला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मला सांगितलं असतं, तर मी मीठ घातलं असतं का?

हे तिथे बोलायला हवं होतं. मी काहीच बोललो नाही. इतके दिवस आमच्या घरात न सांगणारे चार होते. आज पाच झालो.

१२ मार्च, मंगळवार

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, “तुझी चूक नाही.” मी म्हटलं, “मला माहीत आहे. तुमची आहे.” आई पुन्हा भाजी निवडायला लागली. डबा आता ती स्वतः बांधते आणि स्वतः आणून देते.

३० मार्च, शनिवार

सूज उतरली. पोटातलं पाणी दोनदा सुईने काढलं. बाबांच्या पोटऱ्या आता माझ्या मनगटाएवढ्या वाटतात. आजवर ते पाण्याखाली दिसलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ही सूज पुन्हा येईल, पुन्हा उतरवू, किती वेळा ते सांगता येत नाही.

सकाळी बाबा दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, “तो पहिला जोड कुठे आहे?”

मी फळीवरून काढला. चवड्यात कोंबलेला जुन्या वहीचा कागद बाहेर ओढला. बाबांनी जोड घातला, नाडी बांधली. त्यांनी कुलूप उघडलं नव्हतं, मामाने उघडलं होतं, पण मी काही म्हटलं नाही. दिवसभर ते बसून होते. नाडीला हात लावला नाही. चार वाजता मी कामातून मान वर केली, तेव्हा तेही घड्याळाकडेच बघत होते.

शाळेच्या बाई बूट न्यायला आल्या. बाबा त्यांना म्हणाले, “बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. पोराचं माप बरोबर होतं. पाय माझा चुकला होता.” बाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, “बरं बरं.”

संध्याकाळी बूट काढला. एकही टाका उमटला नव्हता. उमटणार कुठून? पाठीवर माझी दोन बोटं सहज जात होती. मामाने खिशातून फीत काढली आणि बाकावर ठेवली. “घे बाबा. माझ्या खिशाला खाज सुटली होती.”

बाबा म्हणाले, “झालं ना आता?”

मी फीत घेतली आणि त्यांच्यापुढे खाली बसलो. सकाळी ते आले तेव्हाही माप घेतलं होतं, आता पुन्हा घेतलं. ओढली नाही, टेकवली. त्यांनी पाय पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिले. पायावर हात ठेवताना मला वाटलं होतं की राग जाईल. गेला नाही. पण माप घेताना हात हलला नाही, हेही खरं.

नव्या वहीत नवं पान घेतलं. वर ‘पुलापलीकडचे साहेब’ लिहिलं नाही. ‘बाबा’ लिहिलं. खाली त्यांच्याच पद्धतीने दोन ओळी:

स – पाठ, आठ इंच सात सूत.

सं – पाठ, नऊ इंच एक सूत.

अनुस्वार दिला आहे. तपासून पाहिला.